दाजीभावोजींनी बोलून ठेवलेला कोंबडा

श्री रामेश्वर, बागेतला राखणदार आणि तुमचे स्वर्गवासी थोरले बंधू, तिघांचीही नजर आपल्या घरावर राहो.

मधली वाडी, ता. मालवण
चैत्र अर्धा सरला, काजू अजून पडताहेत

रा. रा. दाजीभावोजी यांस,

रुक्मिणीवयनीचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (वयाने तुम्ही धाकटे दीर, मानाने घरातले थोरले, त्यामुळे तुम्हाला नेमकं काय घालायचं याचा माझा लग्न झाल्यापासून गोंधळ आहे. दोन्ही ठेवून घ्या, जादा होईल तो जानकीला द्या.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत नीट पार पडलं, पट्टी निघाली, आणि डोळा उघडल्या उघडल्या तुम्ही जानकीकडे बघून "तू म्हातारी कधी झालंस गो?" असं विचारलंत, हे सगळं मला नम्रताने सांगितलं. जानकी त्यानंतर किती दिवस बोलली नाही तेही सांगितलं. तरी थेंब तिच्याच हातून घालून घ्या, रागातसुद्धा तिचा हात हलका आहे. मोतीबिंदू गेला म्हणजे आता सगळं लख्ख दिसत असेल. त्या लख्ख दिसण्यावरच मला थोडं लिहायचं आहे, पण ते मागाहून.

इकडे सगळी खुशाल आहेत. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, उतरताना जास्त बोलतात, चढताना कमी. विहिरीला पाणी आहे. नातू मितेश आणि त्याची नम्रता, दोघांनी मागच्या अडगळीच्या मांगराच्या दोन खोल्या करून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. माणसं पुण्याहून, कोल्हापुरावरून समुद्र बघायला येतात आणि दिवसभर आपल्या खळ्यात बसून कोंबड्या बघतात. नम्रता म्हणते, "आज्ये, तुमच्या कोंबड्यांमुळे लोक परत येतत." मी म्हणते, येऊ देत बापडे, कोंबड्यांना बघणारं कोणी असलं म्हणजे त्याही नीट चालतात.

आता तुम्ही म्हणाल, फोन हातात असताना वयनीने पत्र कशाला लिहिलं. तर दाजी, फोनवर तुम्ही दरवेळी पहिलं विचारता, "वयनी, बोललेलो कोंबडो बरो मां?" आणि मी म्हणते, "बरो आसा." ते खोटं नाही. जीव बरा आहे, खातो पितो, अंगावर तुकतुकी आहे. फक्त कोंबडा म्हणायचं की दुसरं काही, तेवढं सविस्तर सांगायला गेलं की तुम्ही तो फोन मोठ्या आवाजावर ठेवता, आणि तुमच्या शेजारचे ते खोकणारे गृहस्थ मधेच खोकतात, मग माझं धैर्य जातं. पत्राला कोणी मधे खोकत नाही. माझी शाळा दुसरीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे हे तुम्ही अर्ध्या चड्डीत असल्यापासून म्हणत आलात. आज ते शोभून दिसेल.

गेल्या मे महिन्यातलं सगळं तुम्हाला आठवत असेलच, पण ते पहिल्यापासून लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचणार नाही. आपल्या बागेचा राखणदार जांभळीखालच्या दगडात राहतो, घोंगडी पांघरून, काठी टेकत कुंपणाने फिरतो, आपली झाडं-माणसं-वासरं राखतो, आणि वर्षातून एकदा आपण त्याला मानाचा कोंबडा देतो. गाऱ्हाणं घालून त्याच्याकडे सगळ्यांसाठी मागायचं ते घरच्या थोरल्या पुरुषाने, म्हणजे हे गेल्यापासून तुम्ही. (बायकांनी जांभळीखाली जायचं नाही असं तुम्हीच सांगून ठेवलंय. मी जात नाही. पडवीतून जेवढं दिसतं तेवढंच लिहिते.) तर गेल्या वर्षी गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, सगळं यथासांग उरकलं, आणि तुम्ही अंगात आल्यासारखे काळी टोपी सावरून म्हणालात, "म्हाराजा, पुढल्या वर्साक तुका ह्योच," आणि काठीने दाखवलंत. काठीच्या टोकाशी एक पिल्लू उभं होतं. मुठीएवढं, तांबूस, मानेवर काळी रेघ, तुमच्या चपलेचा पट्टा टोचत होतं. सगळी "व्हय म्हाराजा" म्हणाली. मीही पडवीतून म्हटलं. बोललेलं ते बोललेलं, त्यात आता बदल नाही, हे तुमच्या गाऱ्हाण्याचं वैशिष्ट्य आहे, सगळी वाडी सांगते. तुमचं गाऱ्हाणं म्हणजे दगडावरची रेघ. त्यामुळेच पंचाईत झाली.

एकदा एखादा जीव राखणदाराच्या नावाने बोलून ठेवला की त्याला कोणी हाकलायचं नाही, मारायचं नाही, "हूश" म्हणायचं नाही, हा रिवाज त्या पिल्लाला कोणी सांगितला असेल ते मला ठाऊक नाही, पण त्याला तो पहिल्या आठवड्यातच कळला. बाकीच्या कोंबड्या सकाळी खुराड्याचं दार उघडलं की पहिल्यांदा झिपरी, मग लंगडी, मग त्यांची पोरं अशा रांगेने उतरतात, आणि फौजदार (आपला जुना कोंबडा, अजून आहे, आता पहाटे आरवताना मधे श्वास घ्यायला थांबतो) शेवटी उतरून सगळ्यांची हजेरी घेतो. कणी टाकली की धावतात, घारीची सावली पडली की काजूखाली शिरतात, दुपारी न्हाणीच्या चुलीतली थंड राख अंगावर उडवत पडून राहतात. त्यांना आपल्या पायरीची जाणीव आहे. ह्याला नाही. हा सरळ माजघरात. भाताच्या पेजेत मी चमचा घालायच्या आधी ह्याची चोच. आम्ही त्याला "महाराज" म्हणू लागलो, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. "महाराज, जरा सरका." "महाराज, तो लसूण आहे." सरकायचा नाही.

पावसाळा गेला. महाराज वाढले. तुरा काही केल्या वाढेना. मितेश एकदा म्हणाला, "आज्ये, ह्यो आरावणा कसो नाय?" म्हटलं, लाजरा आहे, राखणदाराचा आहे, आपल्यासारख्यांसमोर कशाला आरवेल. मितेशने माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. शेपटीही कोंबड्यासारखी वाकेना, चालीतही ती ऐट नाही. एक मऊपणा होता, गुबगुबीतपणा होता, सकाळच्या उन्हात डोळे मिटून उभं राहायची सवय होती, जशी मलाही आहे. मी कोंबड्या पाळण्यात म्हातारी झाले, दाजी, मला काय दिसत नव्हतं? पण तुम्ही बोलला होता ना. म्हटलं, कदाचित तुमच्या शब्दाने होईलही कोंबडा, एवढं सामर्थ्य आहे त्यात.

दिवाळी झाली आणि एका दुपारी महाराज खुंटीखाली दिसले. तुमची ती गाऱ्हाण्याची काळी टोपी, जी तुम्ही वर्षभर आमच्याकडे खुंटीवर ठेवून जाता, ती खाली पडलेली. महाराज टोपीत बसलेले. डोळे अर्धे मिटलेले, मान आत ओढलेली, चेहऱ्यावर असा भाव की जगात कोणाशी काही देणंघेणं उरलेलं नाही. मी समोर पाटावर बसले. बाहेर समुद्र ऐकू येत होता, भिंतीवर माडाच्या झावळीची सावली हलत होती, आणि मला वाटलं ही दुपार अशीच राहावी, कोणी हाक मारू नये. मग महाराज उठले, दोन पावलं चालले, आणि सगळं घर डोक्यावर घेतलं. टोपीत अंडं. तपकिरी, गरम, लहानसं.

मी ते अंडं हातात घेतलं. पहिलं मनात आलं ते तुमच्या डोळ्यांचं. मोतीबिंदू होता, तुमचा काय दोष. दुसरं मनात आलं ते मे महिन्याचं. दाजी, मला गंमत वाटली, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. बाईमाणसाला अशी एकदम दोन वाटली की ती भाकरी थापायला लागते. मी चूल पेटवली.

अंडं खायचं की नाही, यावर घरात मोठी चर्चा झाली. मितेश म्हणाला, अंड्याचा पोळा करू. नम्रता म्हणाली, राखणदाराच्या कोंबडीचं अंडं ते राखणदाराचं, आपण कसं खायचं. (पोर शहाणी आहे. मीच सांगून ठेवलं होतं तिला, पण बोलली आपल्या मनाने.) तेव्हा ती सगळी अंडी जपून ठेवली. तोपर्यंत त्यांचं येणं सुरूच झालं होतं, आणि येणार ती फक्त तुमच्या टोपीत. टोपी उचलून खुंटीवर ठेवली की महाराज खुंटीखाली उभे राहून वर बघत बसत, कोणी आपल्या घराला कुलूप लावल्यासारखे. दुसरीकडे घालायला तयार नाहीत. सूप दिलं, गवताची चुंबळ दिली, नम्रताची जुनी ओढणी दिली. टोपीच पाहिजे. आता राखणदाराच्या जिवाला नाही कसं म्हणायचं. टोपी खालीच राहिली.

या सगळ्या काळात महाराजांचा बाहेरचा संचार चालूच होता. मितेशच्या खोलीत पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. बाई आंबोळी खायला बसल्या, महाराज समोरच्या खुर्चीवर चढून बसले. बाईंना वाटलं हे इथलं पाहुण्यांचं आदरातिथ्य आहे. त्यांनी अर्धी आंबोळी दिली. महाराजांनी उरलेली अर्धीही घेतली, आणि निघताना खोलीत जाऊन त्यांच्या उघड्या बॅगेत, घडी केलेल्या साडीवर, ऐसपैस विश्रांती घेतली. नवरा हाकलायला गेला तसा मितेश धावत आला, "नाय नाय, हाकलू नका, तो देवाचो आसा." माणूस हात जोडून उभा राहिला. बाईंनी फोटो काढले. आता ते फोटो कुठे कुठे फिरताहेत म्हणे, आणि माणसं फोनवर खोली विचारताना "तो देवाचा कोंबडा आहे ना अजून?" असं विचारतात. आहे म्हणून सांगायला नम्रताला काही वाटत नाही. मला वाटतं.

आणि आपली सत्यवती. दगडी गडग्यापलीकडची, माझी चुलत जाऊ. तिचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको, पण तिच्या घरी महाराज काय करून आले ते सांगायलाच पाहिजे. ती दुपारी खळ्यात कुळीथ वाळत घालून आडवी झाली. जागी झाली तर महाराज कुळथाच्या मधोमध, पाय पसरून, पंख उकलून, धुळीत न्हावं तसे कुळथात न्हात होते. दुसऱ्या कोणाची कोंबडी असती तर तिने झाडू फेकला असता, आणि तिचा नेम तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण बोललेला जीव. सत्यवती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "उठा म्हाराजा." उठेना. "उठा म्हाराजा, माज्या कुळथाक वास येतलो." मी गडग्याच्या अलीकडे पदर तोंडात घालून उभी होते. ते हसणं तिला ऐकू गेलं, आणि त्यानंतर तिने जे केलं ते त्या हसण्यामुळे केलं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी महाराज तिच्याकडे गेले आणि तिच्या तांदळाच्या टोपलीत अंडं घालून आले. (टोपी त्या दिवशी धुवायला टाकली होती. चूक माझी.) तोपर्यंत घरातली गोष्ट घरात होती. आता ती वाडीत झाली. सत्यवती ते अंडं पदरावर घेऊन आली, पडवीत बसली, पाणी पिऊन झालं, आणि म्हणाली, "रुक्मिणी, दाजीन कोंबडो म्हणान कोंबडी बोलल्यान काय गो?" मी म्हटलं, दाजींना दिसत नव्हतं. ती म्हणाली, "ता माका सांगू नको, राखणदाराक दिसत होता मां?"

मी रिकामा तांब्या उचलून आत गेले. तेव्हापासून वाडीत दोन मतं पडली आहेत. राखणदाराला कोंबडी देत नाहीत, कधी दिलेली नाही, कोंबडाच पाहिजे, हे एक मत. आणि शब्द दिला तो त्याच जिवाचा, तोच दिला पाहिजे, दुसरा दिला तर फसवणूक, हे दुसरं. सत्यवती दोन्ही मतांची आहे. ती म्हणते, "शब्द तो शब्द. कोंबडो काय नि कोंबडी काय, सुरी काय ता इचारता?" आणि वर एक कोंबडाही द्यायचा, म्हणजे दोन्हीकडून पुरं. मितेश म्हणाला, कुडाळच्या बाजारातून एक तांबडा कोंबडा आणतो, मानेवर काळी रेघ ओढतो, राखणदाराला काय कळतंय. मी त्याला गप्प केलं, कारण जांभूळ काही लांब नाही. त्याच संध्याकाळी त्याची स्कूटर चालू झाली नाही. पेट्रोल नव्हतं असं तो म्हणतो.

मधल्या काळात महाराज खुडूक झाले. म्हणजे अंगावर हात लावू देईनात, टोपीवरून उठेनात, पिसं फुलवून, गुरगुर आवाज काढून बसून राहिले. खुडूक कोंबडीला उठवू नये, आपल्याकडे कोणी उठवत नाही. त्यांची जमवलेली अंडी मी त्यांच्याच पोटाखाली सारली. त्या दिवसांत घरात एक वेगळीच शांतता होती. मी तांदूळ निवडायचं सोडून त्या कोपऱ्यात बसायची. आतून कोणी टकटक करतंय असं एकदा वाटलं, मी कान लावला, महाराजांनी कानाला चोच मारली. आणि मग एका सकाळी तुमच्या टोपीच्या काठावरून एक ओलं डोकं वर आलं, त्याच्या मागून दुसरं. तुमच्या गाऱ्हाण्याच्या टोपीतून, दाजी. मला तुमची खूप आठवण आली.

पिल्लं महिन्याची झाली असतील तेव्हाची गोष्ट सांगते, आणि मग तुम्हीच सांगा. दुपारची वेळ, महाराज पिल्लं घेऊन काजूखाली. खाली पडलेले काजूचे बोंडू उन्हात आंबले होते, ते खाऊन झिपरी आणि लंगडी दोघी धुंद होऊन एकमेकींना टेकून झोपल्या होत्या, आणि फौजदार उभ्या उभ्या डुलत होता. तेवढ्यात घार आली. सावली खळ्यावरून सरकली तशी मी काठी घेऊन धावले. (माझं धावणं तुम्हाला माहीत आहे. घार आली, झडप घातली, निघून गेली, तरी मी तुळशीपर्यंतच पोचले होते.) पण मी सगळं बघितलं. महाराजांनी पिल्लांना पंखाखाली नाही घेतलं, उलट पुढे आले. अंग दुप्पट केलं. घार पाय सोडून खाली आली आणि महाराज तिच्या छातीवर उडाले. पिसं उडाली, कोणाची ते कळलं नाही. मग घार वर, महाराज खाली. पाठीवरचं मांस दिसत होतं. पिल्लं एक कमी नाही. मी हळद लावायला गेले तर मला जवळ येऊ दिलं, मांडीवर घेऊ दिलं, आणि माझ्या हातात डोळे मिटले. तो जीव हातात धडधडत होता, दाजी. राखण करतो तो राखणदार, असं मला तेव्हा वाटलं. मी ते कोणाला बोलले नाही, तुम्हालाच लिहिते.

आता जखम भरली. पिसं आली, जरा फिकट आली. पिल्लं मोठी होऊन आपापली हिंडतात, त्यातला एक कोंबडा आहे, आरवायला शिकतोय, घसा बसलेल्या माणसासारखा. सत्यवती म्हणते, मग तो द्या. त्याने काय केलंय?

गेल्या आठवड्यात मला दुपारी स्वप्न पडलं. मी ह्यांच्या आरामखुर्चीत होते, पेज जेवून, गार वाऱ्यावर. पापणी मिटली असेल नसेल, तर खळ्यात कोणी उभं. उंच, घोंगडी डोक्यावरून, काठी. पायात वहाणा, त्या मात्र तुमच्यासारख्या. मी पदर घेतला आणि उठायला गेले, गुडघ्यांनी ऐकलं नाही. ते म्हणाले बस. आवाज लांबून, भरतीचा येतो तसा. मी म्हटलं, म्हाराजा, आमच्या दाजींची चूक पोटात घ्या, मे महिन्यात काय ते करू. तर ते म्हणाले, "माका काय व्हया ता माका कोणी कधी इचारल्यानी?" मी म्हटलं नाही बाबा, खरंच नाही विचारलं. मग ते खळ्याच्या कडेला बसले, दमलेल्या माणसासारखे, घोंगडी मांडीवर ओढली, आणि आपले महाराज काजूखालून चालत चालत आले, घोंगडीवर चढले, दोनदा गोल फिरून बसले. राखणदार खाली बघत राहिले. माडांतून ऊन सरकून त्यांच्या पायावर आलं. मी विचारलं, म्हाराजा, कुंपणाची फेरी? तर ते हळूच म्हणाले, "आता माका उठूक येवचा नाय. ही बसली मां."

मी जागी झाले तर खळ्यात मितेश उभा होता, अंगावर टॉवेल, हातात पंपाचा पाइप. तो म्हणतो मघापासून तिथेच होता. असेल. पण पंपाच्या पाइपाला मी म्हाराजा म्हणेन का?

तर अशी हकिकत आहे. जास्त काय लिहू. हात दुखायला लागला, आणि फौजदार संध्याकाळची हजेरी घ्यायला निघालाय. तुम्ही मे महिना लागला की या. जानकीलाही आणा, बोलत नसली तरी आणा. डोळे सांभाळा. पोरांना आशीर्वाद. खोकणाऱ्या गृहस्थांना अडुळसा द्या, इथून पाठवते.

तुमची,
रुक्मिणीवयनी

ता. क. एक राहिलंच. तुम्ही आलात की सगळी वाडी जमणार, बाप्ये जांभळीखाली, बायका पडवीत, आणि बायकांत सत्यवती सर्वांच्या पुढे उभी राहणार. तिथे तुमचा शब्द खाली पडता नये, आणि माझ्या कोंबडीच्या पिसालाही धक्का लागता नये. गाऱ्हाणं तुमचं, त्यात मी काय सांगणार, पण आडवं-तिडवं सुचलं तेवढं लिहून ठेवलं आहे. पाठ करा. "बा राखणदारा म्हाराजा, गेल्या वर्सा तुका जो जीव बोललो, तो तुज्याच नजरेखाली वाढलो, आणि तुज्याच मनात इला म्हणान तेची कोंबडी झाली. ती तुका दिली, जिती दिली. तिका तुज्याच दाराक ठेव, तिच्या पिलांक घारीपासून राख, मुंगसापासून राख. तिना तुजी राखण करूची, तू आमची करूची. आणि दाखवणाऱ्याच्या काठयेची काय चूक झाली आसात तर ती पदरात घे." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतील. सत्यवती नाही म्हणाली तरी मी पडवीतून दोनदा म्हणेन. बोललेला तोच जीव दिला, आणि सुरी लागली नाही. बघा, कुठे खोट निघते का.

दुसरा ता. क. वड्यांची काळजी करू नका. तुमच्या जिभेला मी ओळखते, सबंध गाऱ्हाण्याच्या वेळी तुमचं अर्धं लक्ष वड्यांकडे असतं, लहानपणापासून. या वर्षी वड्यांबरोबर कोंबड्याच्या रश्श्याऐवजी काळ्या वाटाण्याचं सांबारं करते, खोबरं भाजून, हात सैल सोडून. खाताना डोळे मिटलेत तर फरक कळणार नाही. उघडलेत तर कळेल, तेव्हा ऑपरेशन झालंय हे विसरून खा.

तिसरा ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. महाराज परवापासून पुन्हा खुडूक झालेत, आणि कुठे बसलेत म्हणाल तर जांभळीखाली, राखणदाराच्या दगडाला पाठ लावून. सगळी वाडी येऊन बघून गेली. सत्यवतीसुद्धा पडवीत आली, कंबरेवर हात ठेवून तिथूनच बघितलं, आणि म्हणाली, "आता हिका थयसून कोण उठयतलो?" खुडूक कोंबडी, तीही त्याच्या दाराशी बसलेली. तुम्ही याल तेव्हा बहुतेक बसलेलीच असेल. म्हणजे राखणदाराने आपलं मत दिलंच की नाही. गाऱ्हाणं जरा हळू आवाजात घाला म्हणजे झालं, ती दचकते.

अगदी शेवटचा ता. क. येताना मुंबईहून एक नवीन काळी टोपी घेऊन या. जुनी खुंटीवर शोधू नका, ती नाही. जांभळीखाली आहे, अंड्यांसकट. खुंटीवरून तिथवर ती कशी गेली असं मितेश विचारतो, मी म्हणते राखणदार रात्रीचा फिरतो ना, नेली असेल. तिथे दगडामागे एक वेताची पाटी पडलेली दिसेल, ती मात्र माझी. वाकून उचलायला मला जमलं नाही, आणि बायकांनी तिथे जायचं नाही असं तुम्हीच सांगून ठेवलंय. तेव्हा गाऱ्हाणं झालं की कोणी बघायच्या आत तेवढी पाटी घेऊन या.